प्रगत वर्ड प्रोसेसिंगचा ऑनलाइन कोर्स : त्यात काय शिकवतात, तो कुठून करावा आणि प्रमाणपत्र कशाला चालते?

माळशिरससारख्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरी, पंचायत समिती, नगरपंचायत, न्यायालय, बँका, पतसंस्था आणि शाळा-कॉलेजे असतात. या प्रत्येक ठिकाणी रोज कागद तयार होतो. नोटीस, इतिवृत्त, अहवाल, सभासदांना पत्रे, निविदा, प्रकल्प अहवाल. हा कागद बहुतेक वेळा वर्डमध्ये तयार होतो आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा दुप्पट वेळ घेतो. कारण टाइप करणाऱ्याला टायपिंग येते, पण वर्ड प्रोसेसिंग येत नाही.

ही दरी भरून काढण्यासाठी आता अनेक विद्यार्थी आणि नोकरदार ऑनलाइन कोर्सकडे वळतात. सोलापूर शहर माळशिरसपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे घरी बसून शिकण्याची सोय चांगलीच आहे. मात्र प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात. तुम्हाला कौशल्य हवे आहे की प्रमाणपत्र? आणि प्रमाणपत्र हवे असेल, तर ते नेमके कोणाला दाखवायचे आहे? या लेखात दोन्ही बाजू पाहू.

टायपिंग आणि वर्ड प्रोसेसिंग यांत फरक काय?

महाराष्ट्रात टायपिंगच्या शासकीय परीक्षांची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रावर बोटे बसवायची आणि मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा द्यायची, हा नोकरीच्या तयारीचा भागच होता. यंत्रावरच्या या परीक्षा २०१७ मध्ये थांबल्या आणि त्यांची जागा संगणक टायपिंगच्या परीक्षेने घेतली. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत ती ३० व ४० शब्दांच्या गतीसाठी असते. तिला सगळे जीसीसी-टीबीसी या नावाने ओळखतात.

या परीक्षेत गतीच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता, ई-मेल असे भागही असतात. तरी तिचा कणा गती आणि अचूकता हाच आहे.

वर्ड प्रोसेसिंगचा प्रश्न वेगळा आहे. शंभर पानांचा अहवाल टाइप झाल्यावर साहेबांनी सांगितले की, सगळी उपशीर्षके मोठी करा, तिसरे प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या आणि अनुक्रमणिका नवी लावा. हे काम पाच मिनिटांत होते की दोन दिवस खाते, यावर वर्ड प्रोसेसिंग येते की नाही हे ठरते. इथे टायपिंगच्या गतीचा काही उपयोग नसतो. फाइल सुरुवातीपासून कशी बांधली आहे, यावर सगळे अवलंबून असते.

'प्रगत' म्हणजे नेमके काय?

अक्षर ठळक करणे, ओळी मध्यभागी घेणे, चित्र घालणे, तक्ता काढणे आणि प्रिंट देणे हा प्राथमिक भाग झाला. प्रगत कोर्सच्या अभ्यासक्रमात पुढील गोष्टी असायला हव्यात. यातल्या निम्म्याही नसतील, तर नाव काहीही असो, तो कोर्स प्राथमिकच समजावा.

*स्टाइल्स.* शीर्षक निवडून त्याचा आकार हाताने वाढवण्याऐवजी त्याला 'हेडिंग १' ही स्टाइल द्यायची. उपशीर्षकाला 'हेडिंग २', मजकुराला 'नॉर्मल' किंवा 'बॉडी टेक्स्ट'. नंतर स्टाइलमध्ये एकदा बदल केला की संपूर्ण फाइलमधली त्या प्रकारची सगळी शीर्षके एकदम बदलतात. बाकीच्या अनेक सोयी याच पायावर उभ्या आहेत. म्हणून चांगल्या कोर्समध्ये स्टाइल्स पहिल्या एक-दोन आठवड्यांतच येतात.

*आपोआप तयार होणारी अनुक्रमणिका.* शीर्षकांना स्टाइल दिलेली असेल, तर अनुक्रमणिका एका आदेशात तयार होते. मजकूर वाढून पाने पुढे सरकली, तर तिच्यावर क्लिक करून एफ ९ दाबले की पृष्ठ क्रमांक नवे होतात. टिंबे टाइप करून हाताने बनवलेली अनुक्रमणिका दर बदलाला पुन्हा तपासावी लागते.

*सेक्शन ब्रेक.* प्रकल्प अहवालात सुरुवातीच्या पानांना रोमन अंक आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३ हवे असतात. एखादा रुंद तक्ता आडव्या पानावर हवा असतो. फाइलचे विभाग पाडल्याशिवाय हे जमत नाही. नव्या विभागाचा हेडर किंवा फूटर आधीच्या विभागाशी जोडलेला असतो. 'लिंक टू प्रीव्हियस' बंद केल्याशिवाय तो स्वतंत्र होत नाही. विद्यार्थी सर्वांत जास्त अडतात ते इथेच.

*मेल मर्ज.* पतसंस्थेच्या ८०० सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवायची आहे. पत्र एकच, पण नाव, सभासद क्रमांक, गाव आणि रक्कम वेगळी. एक्सेलमध्ये यादी तयार करायची, वर्डमधल्या पत्रात योग्य जागी त्या यादीतले रकाने जोडायचे, की ८०० पत्रे तयार. दिंडीतल्या वारकऱ्यांची ओळखपत्रे, शाळेची प्रमाणपत्रे, पाकिटावरचे पत्ते हे सगळे याच पद्धतीने होते.

*ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्स.* एकाच मसुद्यावर तिघे काम करत असतील, तर कोणी काय बदलले हे दिसायला हवे. ते बदल एकेक करून स्वीकारता किंवा नाकारता येतात. करारनामे आणि ठरावांच्या मसुद्यांत याचा फार उपयोग होतो.

*तळटीपा, मथळे आणि आंतरसंदर्भ.* तक्त्याला 'तक्ता ३' असे हाताने न लिहिता मथळ्याची सोय वापरली, तर मध्ये नवा तक्ता घातल्यावर पुढचे क्रमांक क्रमाने वाढतात. मजकुरातले 'तक्ता ३ पाहा' हेही फील्ड अद्ययावत केल्यावर बदलते. मथळ्यासाठी 'आकृती', 'तक्ता' असे मराठी नावही देता येते.

*टेम्प्लेट, फॉर्म आणि मॅक्रो.* कार्यालयाचे ठरलेले पत्र दर वेळी जुन्या फाइलवरून कॉपी केले, तर आधीच्या माणसाचे नाव किंवा जुनी तारीख राहून जाते. टेम्प्लेट उघडले की प्रत्येक वेळी कोरी प्रत मिळते. फॉर्ममध्ये भरायच्या जागा तेवढ्या मोकळ्या ठेवून बाकी मजकूर बंद करता येतो. मॅक्रो म्हणजे पुन्हा पुन्हा करायच्या कृतींची साखळी नोंदवून ठेवणे.

मराठी मजकुराचे प्रश्न वेगळे असतात

बहुतेक ऑनलाइन कोर्स इंग्रजी मजकुरावर शिकवतात. इकडे तुमचे निम्मे काम मराठीत असते. त्यामुळे पुढील गोष्टी कोर्समध्ये नसल्या, तर स्वतः शिकून घ्याव्या लागतात.

*युनिकोड.* कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक अक्षरे दिसतात. शोधा-बदला आणि मराठी शुद्धलेखन तपासणी यांचा उपयोग होत नाही. युनिकोडमधला मजकूर मात्र कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी म्हणूनच उघडतो. जुन्या फाइली कन्व्हर्टरने बदलता येतात. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

*कीबोर्ड.* इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून असतो, फक्त भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडावी लागते. 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला अर्धा र काढताना अनेक जण अडतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह र ची कळ दाबली की ऱ मिळतो. त्यानंतर हलन्त आणि य टाइप केले की 'ऱ्य' तयार होतो.

*फॉन्टची दोन खाती.* वर्डमध्ये इंग्रजी लिपी आणि देवनागरी यांच्या फॉन्टची नोंद वेगवेगळी असते. फॉन्टच्या खिडकीत देवनागरीसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा भाग असतो. स्टाइलमध्ये आकार १४ केला, तरी मराठी अक्षरे जुन्याच आकाराची राहिली, ही तक्रार बहुधा यामुळेच येते. स्टाइल बदलताना दोन्ही ठिकाणी फॉन्ट आणि आकार द्यावा. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून मराठी निवडावी.

*ल आणि श.* राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे निश्चित केली. त्यांतील ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणच दिसते. मराठी वळण हवे असेल, तर यशोमुद्रा, यशोवेणू किंवा तिरो देवनागरी मराठी यांसारखे मराठीसाठी बनवलेले युनिकोड फॉन्ट वापरता येतात. पुस्तक किंवा स्मरणिका करताना हे पाहिले जाते.

*न तुटणारी जागा.* 'रु.' एका ओळीच्या शेवटी आणि '५००' पुढच्या ओळीत, किंवा 'श्री.' वर आणि आडनाव खाली, असे होऊ नये म्हणून दोन्हींच्या मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून जागा सोडावी. ते शब्द मग एकत्रच राहतात.

कोर्स कुठे मिळतात?

*कॉलेजचा श्रेयांक असलेला विषय.* राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात कौशल्यवर्धन आणि व्यावसायिक कौशल्य असे विषय आले आहेत. माळशिरस तालुक्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आपल्या कॉलेजमध्ये या गटात संगणकाचा कोणता विषय आहे, हे आधी विचारावे. घरची वाट सोडून दूरचा कोर्स शोधण्याची गरज कदाचित पडणारच नाही.

*स्वयम्.* केंद्र सरकारचे हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. नावनोंदणी आणि शिक्षण मोफत असते. प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क असते आणि ती ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोन सत्रे असतात. कोर्सची यादी दर सत्राला बदलते. शोधताना फक्त 'वर्ड प्रोसेसिंग' न टाकता 'ऑफिस ऑटोमेशन', 'कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स' अशी नावेही टाकून पाहावीत. शालेय पातळीचे कोर्सही याच व्यासपीठावर असतात. एनआयओएसचा 'डेटा एंट्री ऑपरेशन्स' हा त्यांपैकी एक. शिकायला तो उपयोगी आहे, पण पदवीच्या श्रेयांकासाठी चालणारा नाही.

*मुक्त विद्यापीठ.* नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षण देते. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी त्याची अभ्यासकेंद्रे आहेत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच संगणकविषयक शिक्षणक्रम निवडावा.

*स्पोकन ट्यूटोरियल.* आयआयटी मुंबईच्या या प्रकल्पात लिबरऑफिस रायटर शिकवणारे छोटे ध्वनिचित्र पाठ आहेत आणि ते मराठीतूनही ऐकता येतात. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर, थोडे पाहायचे, थांबवायचे आणि तसेच करून बघायचे, अशी त्यांची पद्धत आहे. पाठ मोफत आहेत. चाचणी आणि प्रमाणपत्राची व्यवस्था साधारणपणे कॉलेजमार्फत होते.

*एमएस-सीआयटी.* २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा कोर्स गावोगावच्या केंद्रांवर चालतो. संगणक साक्षरतेसाठी तो आहे. वर्डची ओळख त्यात चांगली होते. प्रगत वर्ड प्रोसेसिंगची जागा मात्र तो घेत नाही.

*खासगी संकेतस्थळे.* इथे शिकवण्याचा दर्जा उत्तम असू शकतो. प्रमाणपत्राला शासकीय किंवा विद्यापीठीय मान्यता असेलच असे नाही. 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' या शब्दांनी भुलू नये.

कोणते प्रमाणपत्र कुठे चालते?

पैसा वाया जातो तो याच ठिकाणी. समजा, एका विद्यार्थिनीला लिपिक-टंकलेखक पदासाठी अर्ज करायचा आहे. तिने काही हजार रुपये भरून प्रगत वर्डचा ऑनलाइन कोर्स केला आणि अर्ज भरताना लक्षात आले की तिथे टायपिंगचे शासकीय प्रमाणपत्र मागितले आहे. तिचे शिक्षण वाया गेले नाही, पण त्या भरतीची संधी गेली. म्हणून उद्देशानुसार पाहावे.

– लिपिक-टंकलेखक पदासाठी : मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट गतीचे शासकीय टायपिंग प्रमाणपत्र मागितले जाते. प्रगत वर्डचे प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही.

– शासकीय नोकरीतील संगणक अर्हतेसाठी : अनेक जाहिरातींत ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा उल्लेख असतो. एमएस-सीआयटी, सीसीसी अशी प्रमाणपत्रे या गटात येतात. जाहिरातीतील शब्द नीट वाचावेत.

– पदवीच्या श्रेयांकासाठी : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून करता येतात. कोणता कोर्स कोणत्या विषयाऐवजी धरायचा, हे मात्र विद्यापीठ आणि कॉलेज ठरवते. त्यामुळे आधी कॉलेजची लेखी संमती, मग नावनोंदणी. मिळालेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. त्यासाठी तुमचा अपार क्रमांक तयार असावा.

– खासगी नोकरी, स्वतःचे डीटीपी किंवा सेवा केंद्र यांसाठी : इथे कागदापेक्षा काम बोलते. स्वतः तयार केलेल्या तीन-चार चांगल्या फाइली दाखवता आल्या, तर त्यांचे वजन प्रमाणपत्राहून जास्त असते.

– संपूर्ण ऑनलाइन पदवी घेणार असाल, तर : ती संस्था त्या वर्षासाठी मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर तपासावे.

मोबाइलवर हा कोर्स होतो का?

पाठ पाहता येतात, सराव करता येत नाही. मोबाइलच्या वर्डमध्ये मेल मर्ज आणि मॅक्रो यांसारख्या सोयी नाहीत, आणि छोट्या पडद्यावर विभाग, टॅब, समास यांचा अंदाज येत नाही. आठवड्यातून चार-पाच तास तरी संगणक मिळायला हवा. स्वतःचा नसेल, तर कॉलेजची प्रयोगशाळा, गावातले संगणक केंद्र किंवा नातेवाइकांचा लॅपटॉप यांची वेळ आधी ठरवून घ्यावी. जुना संगणकही चालतो.

इंटरनेट संथ असेल, तर पाठ एकदाच उतरवून घेता येतात का हे पाहावे. वीज जाण्याची शक्यता धरून फाइल आपोआप जतन होण्याची मुदत दोन-तीन मिनिटांवर आणावी, आणि गृहपाठ शेवटच्या रात्री पाठवण्याची सवय ठेवू नये. जुलैचे सत्र निवडले, तर आषाढी वारीचे दिवसही लक्षात ठेवावेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने जाते. त्या आठवड्यात घरी पाहुणे असतात आणि रस्त्यांवरची वाहतूक वळवलेली असते. तेव्हाचा अभ्यास आधीच उरकलेला बरा.

सॉफ्टवेअर कोणते वापरावे?

कोर्स ज्या सॉफ्टवेअरवर शिकवला जातो तेच, हे साधे उत्तर. तरी फरक माहीत असावा.

संगणकावर बसवलेल्या मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये वर सांगितलेले सगळे आहे, पण त्याला पैसे पडतात. ब्राउझरमध्ये चालणारे मोफत वर्ड साध्या कामाला चांगले आहे. त्यात मेल मर्ज करता येत नाही आणि मॅक्रो चालत नाहीत. गूगल डॉक्स एकत्र काम करण्यासाठी सोयीचे आहे, पण पत्रांचे मेल मर्ज त्यात थेट मिळत नाही. लिबरऑफिस रायटर पूर्ण मोफत आहे. स्टाइल्स, विभाग, मेल मर्ज, आंतरसंदर्भ असे सर्व त्यात आहे आणि मराठीही नीट चालते. मेनूंची नावे आणि जागा मात्र वर्डपेक्षा वेगळ्या असतात.

चोरीची प्रत वापरू नये. कायद्याचा भाग आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतो आणि ऐन परीक्षेच्या वेळी फाइल उघडत नाही.

किती वेळ द्यावा लागतो?

प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. दोन श्रेयांकांच्या कोर्सला ६० तास. १५ आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला चार तास होतात. ते असे वाटून घेता येतील :

– आठवडा १ ते ३ : मराठी कीबोर्ड, युनिकोड, स्टाइल्स, नेव्हिगेशन पेन.
– आठवडा ४ ते ६ : सेक्शन ब्रेक, हेडर-फूटर, पृष्ठ क्रमांक, अनुक्रमणिका.
– आठवडा ७ ते ९ : तक्ते, मथळे, तळटीपा, आंतरसंदर्भ.
– आठवडा १० ते १२ : एक्सेलची यादी, मेल मर्ज, लेबल्स, पाकिटे.
– आठवडा १३ ते १५ : ट्रॅक चेंजेस, टेम्प्लेट, फॉर्म, मॅक्रो आणि एक मोठा प्रकल्प.

सराव स्वतःच्या कामावर करावा. कोर्समधली तयार फाइल पाहून तसेच केले, तर हात चालतो, पण अडचण ओळखण्याची सवय लागत नाही. गावातल्या संस्थेचा जुना अहवाल, स्वतःचा कॉलेज प्रकल्प किंवा घरच्या लग्नाची पत्ते असलेली यादी घेऊन बसावे.

विद्यार्थी हमखास अडतात त्या जागा

१. एंटर दाबून पान बदलणे. वर एक ओळ वाढली की पुढचे सगळे सरकते. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून पान बदलावे.

२. स्पेसबारने मजकूर सरळ रेषेत आणणे. पडद्यावर जुळते, प्रिंटमध्ये वाकडे येते. त्यासाठी टॅब किंवा बिनरेषांचा तक्ता वापरावा.

३. मेल मर्जमध्ये रक्कम किंवा तारीख विचित्र येणे. एक्सेलमध्ये १२/०७/२०२४ दिसणारी तारीख पत्रात महिना आधी घेऊन येते, किंवा रकमेच्या मागे भलतेच दशांश लागतात. वर्ड एक्सेलमधली मूळ संख्या उचलते, तिचे दृश्य रूप उचलत नाही. एक्सेलमध्ये वेगळा रकाना करून ती माहिती मजकूर स्वरूपात आणली की प्रश्न सुटतो. सगळी पत्रे छापण्याआधी पहिले, मधले आणि शेवटचे तपासावे.

४. बदलांच्या खुणा राहिलेली फाइल बाहेर पाठवणे. आतल्या चर्चेच्या टिपा समोरच्याला दिसतात. पाठवण्याआधी बदल स्वीकारावेत किंवा नाकारावेत, कॉमेंट्स काढाव्यात आणि मग पीडीएफ करावी.

५. गृहपाठ पीडीएफमध्ये देणे. परीक्षकाला स्टाइल्स आणि विभाग तपासायचे असतात, ते पीडीएफमध्ये दिसत नाहीत. सूचनेत म्हटले असेल, तर मूळ फाइलच पाठवावी.

पैसे भरण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. अभ्यासक्रमाची आठवड्यानुसार यादी मिळेल का? त्यात स्टाइल्स, सेक्शन ब्रेक आणि मेल मर्ज आहे का?
२. प्रमाणपत्र कोण देते, आणि मला ज्यासाठी हवे आहे तिथे ते चालते का?
३. श्रेयांक असतील तर किती, आणि माझे कॉलेज ते धरेल का?
४. गृहपाठ माणूस तपासतो की फक्त बहुपर्यायी प्रश्न असतात?
५. शंका कोणाला आणि कोणत्या भाषेत विचारायची?
६. परीक्षा घरून की केंद्रावर? केंद्र कोणत्या शहरात मिळू शकते?
७. एकूण खर्च किती? प्रवेश, परीक्षा, सॉफ्टवेअर आणि प्रवास धरून.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर विशेष महत्त्वाचे आहे. केवळ बहुपर्यायी प्रश्नांवर प्रमाणपत्र देणारा कोर्स वर्डमधल्या बटणांची नावे शिकवतो. फाइल बांधायला शिकवतोच असे नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इंग्रजी कच्चे असेल तर?* मेनूतले ५०-६० इंग्रजी शब्द ओळखता आले की काम भागते. स्वतःची मराठी अर्थ लिहिलेली यादी करून संगणकाशेजारी लावावी.

*टायपिंग आधी शिकावे का?* साधारण गती असेल तर दोन्ही बरोबर चालते. शासकीय लिपिकपदाचा विचार असेल, तर टायपिंगची परीक्षा आधी द्यावी, कारण तिथे तीच अट आहे.

*एआय मजकूर लिहून देतो, मग हे शिकायचे कशाला?* मसुदा तो देईल. पण ८०० नोटिसांवर योग्य नाव आणि योग्य रक्कम आली आहे का, जुन्या ठरावाचा क्रमांक बरोबर आहे का, ही जबाबदारी सही करणाऱ्याची आणि टाइप करणाऱ्याची राहते. तिकडचा मजकूर वर्डमध्ये आणताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय वापरून चिकटवावा आणि मग आपल्या स्टाइल्स द्याव्यात. नाहीतर नको असलेली फॉन्टची खिचडी फाइलमध्ये शिरते.

*वयाची अट असते का?* शिकण्यासाठी नाही. पदवीच्या श्रेयांकाचा कोर्स असेल, तर शैक्षणिक पात्रतेची अट असू शकते.

कोर्स जमला की नाही, हे कसे ओळखावे?

एक चाचणी घरीच घेता येते. किमान ३० पानांचा मराठी मजकूर घ्या. त्याला मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, रोमन अंकांची सुरुवातीची पाने, १ पासून क्रमांक असलेला मुख्य भाग, मध्ये एक आडवे पान, तीन क्रमांकित तक्ते आणि पाच तळटीपा द्या. मग पहिले प्रकरण उचलून शेवटी टाका, शीर्षकांचा फॉन्ट बदला आणि सगळी फील्ड अद्ययावत करा.

अनुक्रमणिका, तक्त्यांचे क्रमांक आणि तळटीपा बरोबर आल्या, तर कौशल्य तुमच्या हातात आले आहे. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडून मराठी तशीच दिसली, तर काम पूर्ण झाले. कुठे काही मोडले, तर कोर्समधला नेमका तोच पाठ पुन्हा काढून पाहावा.